अनन्तवात, शीर आणि सणक : एका पारिभाषिक समीकरणाची चिकित्सा

चेहऱ्याच्या एका बाजूस वर्षानुवर्षे उठणाऱ्या तीव्र वेदनेचा विचार आला, की मराठीतील आयुर्वेदविषयक लेखनात 'अनन्तवात म्हणजेच ट्रायजेमिनल न्यूराल्जिया' हे समीकरण बहुधा आरंभीच मांडले जाते व पुढील सारा चिकित्साविचार त्यावर उभारला जातो. समीकरण सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु ते कितपत टिकते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषाशास्त्राचाही आहे. कारण एका काळाच्या भाषेतील रोगवर्णन येथे दुसऱ्या काळाच्या रोगनामाखाली बसविले जात आहे.

प्रथम मूळ वर्णन पाहू. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या २५व्या अध्यायात ११ शिरोरोग सांगितले, त्यांत अनन्तवात येतो. तिन्ही दोष मन्येस पीडा देतात, मानेच्या मागील भागी अतितीव्र वेदना उत्पन्न होते, ती डोळा, भुवई व शंखप्रदेश येथे ठाण मांडते. गालाच्या बाजूस कंप, हनुग्रह आणि नेत्ररोग ही पुढील लक्षणे. चरकाच्या सिद्धिस्थानातील ९व्या अध्यायातही याच्याशी मिळतेजुळते चित्र आहे. तेथे उपवास, शोक व रूक्ष-शीत-अल्प भोजन अशी कारणेही दिली आहेत.

आता आधुनिक वर्णन त्याशेजारी ठेवावे. ट्रायजेमिनल, म्हणजे पाचव्या कपालतंतूच्या या विकारात वेदना विजेच्या झटक्यासारखी येते व क्षणार्धापासून फार तर दोन मिनिटांपर्यंत टिकते. ती प्रायः गाल, वरचा वा खालचा जबडा येथे असते; केवळ डोळा व कपाळ यांच्या शाखेत ती क्वचित आढळते. तोंड धुणे, दात घासणे, चावणे, वाऱ्याची झुळूक एवढ्यानेही ती उसळते. झटक्यांच्या मध्ये रोगी बहुधा वेदनामुक्त असतो. मान हे या विकाराचे स्थान नव्हे, आणि नेत्ररोग हे त्याचे लक्षणही नव्हे.

मग समीकरण सुचले कोठून? प्रस्तुत लेखकास वाटते, ते 'गालाचा कंप' या एका लक्षणावर तरले आहे. निकोला आंद्रे या फ्रेंच शस्त्रवैद्याने १७५६ साली या रोगास नाव दिले तेच मुळी 'वेदनायुक्त आचका' या अर्थाचे. वेदनेसरशी चेहऱ्याचे स्नायू आक्रसतात हे त्यानेही पाहिले व प्राचीनांनीही पाहिले असावे. सादृश्य खरे आहे. परंतु एका लक्षणाचे सादृश्य म्हणजे रोगाची एकता नव्हे. 'अनन्त' हे विशेषण तर अखंडतेकडे बोट दाखविते, आणि खंडितपणा हा तर या आधुनिक रोगाचा मुख्य धर्म! काही रोग्यांत झटक्यांखेरीज मंद वेदना सतत राहते हे मान्य केले, तरी सामान्य चित्र बदलत नाही.

याहून मोठा घोटाळा शरीरवाचक शब्दांचा आहे. संस्कृतात 'स्नायु' म्हणजे बंध. मराठीत तो मांसपेशी झाला, बंगालीत ज्ञानतंतू. 'मज्जा' ही हाडातील. तिच्यापासून मराठीने 'मज्जातंतू' घडविला, आणि पाठ्यपुस्तकांनी पुढे 'चेतातंतू' आणला. लोकांनी मात्र या सर्वांना बगल देऊन 'नस' आणि 'शीर' हेच शब्द ठेवले. 'शीर आखडली', 'शीर दबली' असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात रक्तवाहिनी आहे की ज्ञानतंतू, हा भेद संभवतच नाही. सुश्रुताने अनन्तवातावर सूर्यावर्ताचा उपचार व सिरावेध सांगितला. मराठी वाचक 'सिरावेध' वाचतो व दुखणाऱ्या शिरेचाच तो वेध समजतो. वस्तुतः तो रक्तमोक्ष आहे. पाचव्या तंतूशी त्याचा संबंध नाही. तीच गत 'चेहऱ्याची नस' या प्रयोगाची. चेहऱ्याच्या हालचालीचा तंतू सातवा. तो निकामी झाला तर तोंड वाकडे होते, म्हणजे आयुर्वेदातील अर्दित, लोकभाषेतील लकवा. वेदनेचा तंतू पाचवा. दोन्हींना एकच नाव दिल्यावर अर्दिताचे अभ्यंग-स्वेदन वेदनेच्या रोग्यास सांगितले जाणे अपरिहार्य आहे. आणि ज्याच्या गालास पदराचा स्पर्श सोसत नाही त्याचा चेहरा तेलाने चोळा, हा उपदेश निर्दयपणाचा ठरतो.

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांच्या दृष्टीने हा वाद केवळ कोशकारांचा नाही. येथे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा समाजांचा मनुष्य आपल्या बोलीत दुखणे सांगतो व ऐकणारा ते प्रमाण मराठीत उतरवून घेतो. भगत, वैद्य, जव्हारचे कुटीर रुग्णालय, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, आणि त्यापुढे त्र्यंबकेश्वरच्या वाटेने नाशिक : या प्रत्येक टप्प्यावर वेदनेचे पुन्हा भाषांतर होते. मराठीजवळ वेदनेचे शब्द थोडे नाहीत. फोडाची ठुसठुस, दाढेचा ठणका, पोटातील कळ, पाठीतील चमक, जखमेची आग आणि चुरचुर. यांहून 'सणक' वेगळी. ती येते आणि जाते. ठणका सांगणाऱ्याची दाढ पाहावी हे योग्य. पण सणक सांगणाऱ्याच्या कागदावर 'दाढदुखी' लिहिले गेले, तर चांगली दाढ उपटली जाते आणि सणक राहते. या रोगाच्या इतिहासात असे व्यर्थ दंतोत्पाटन जगभर घडले आहे. चेहऱ्यावर नागीण उठून गेल्यावर मागे राहणारी आग तिसरीच. तिच्यासाठीही 'नस दुखते' एवढेच लिहिले जाते.

उपचारांविषयी संक्षेपाने. नस्य हा शिरोरोगांतील मुख्य उपक्रम. नाक हे मस्तकाचे द्वार, ही त्यामागील कल्पना. अग्निकर्माचे समर्थन अधिक जपून तपासावयास हवे. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या १२व्या अध्यायात शिरोरोगात भुवई, कपाळ व शंख येथे दाह सांगितला, आणि महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत डाग देण्याची चाल आहे. आधुनिक शस्त्रवैद्यही उष्णतेने ट्रायजेमिनल गंडिकेतील तंतू दग्ध करतात. यावरून 'तेच आमच्याकडे होते' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु एक दाह कवटीच्या तळाशी सुईने नेमका दिलेला आणि दुसरा कातडीवरचा. साम्य शब्दातच काय ते आहे.

आहाराचे मात्र वेगळे आहे. सुश्रुताने संयाव, घृतपूर असे तुपातले मऊ गोड पदार्थ सांगितले. नागली-वरईवर राहणाऱ्या मोखाड्याच्या कुटुंबास ते सांगणे थट्टेचे होईल. पण त्यातील मृदुत्व घेण्याजोगे आहे. चावल्याने सणक उठत असेल, तर नागलीच्या भाकरीऐवजी नागलीची कोमट पेज, हा शास्त्राला धरून असलेला आणि घरात उपलब्ध असा पर्याय आहे. तो या विषयावरील लेखनात आढळू नये, याचे नवल वाटते.

अखेरचा आक्षेप पुराव्याविषयी. आयुर्वेदीय उपचाराने गुण आल्याचे जे सांगितले जाते ते बहुतांशी एकेका रोग्याच्या वृत्तांतावर. हा रोग स्वतःहून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे शांत राहतो. तेव्हा एका रोग्याची तीन महिन्यांची शांतता औषधाच्या खात्यावर मांडता येत नाही. १९६२ साली ब्लोम यांनी कार्बामाझेपीनचा उपयोग दाखविला, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जॅनेटा यांनी तंतुमूळावर दाबणारी रक्तवाहिनी दूर सारण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. हे औषध घेणारा रोगी 'अनन्तवाताचे' चूर्ण सुरू करताना गोळी एकाएकी बंद करतो काय, हे त्याला विचारलेच पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेदीय रोगनामांना जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सांकेतिक क्रमांक मिळाले. क्रमांक नामाला मिळतो, वेदनेला नाही. म्हणून रोगपत्रिकेवर नाम व क्रमांक यांच्या आधी रोग्याचा स्वतःचा शब्द, त्याच्याच बोलीत, आणि त्याने बोट ठेवलेली जागा नोंदली जावी. जव्हारच्या बोलींत सणकेला काय म्हणतात, याचा संग्रह हे आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना करण्याजोगे काम आहे.