श्रद्धास्थानी मुक्काम: सुबिराक्स आणि सग्रादा फामिलिया

निवासी कलावंत म्हणजे एखाद्या संस्थेत मुक्काम करून तिथंच काम करणारा माणूस. ती संस्था प्रार्थनास्थळ असली की एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याची श्रद्धा नाही, त्याने श्रद्धाळूंसाठी मूर्ती घडवावी का? आज आपण याचं एकच उदाहरण नीट बघू.

बार्सिलोनातलं सग्रादा फामिलिया. लोक त्याला सर्रास कॅथीड्रल म्हणतात, पण बिशपचं पीठ तिथं नाही. २०१० मध्ये ते बॅसिलिका झालं. त्याचे वास्तुकार अंतोनी गाउदी १९२६ मध्ये वारले. पश्चिमेच्या दर्शनी बाजूवर येशूच्या यातना दाखवायच्या, हा आराखडा त्यांनी काढून ठेवला होता. शिल्पं मात्र व्हायची राहिली. १९८६ मध्ये हे काम जुझेप मारिया सुबिराक्स यांच्याकडे आलं. ते अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे सांगता येत नाही, असं मानणारे. गाउदींची नक्कल करणार नाही, पूर्ण मोकळीक हवी, ही त्यांची अट. १९८७ मध्ये ते बांधकामाच्या जागेवरच राहायला गेले आणि २००५ पर्यंत काम चाललं.

१९९० मध्ये तिथं निदर्शनं झाली. गाउदींच्या पूर्वेकडच्या बाजूवर पानंफुलं, पक्षी, माणसं नुसती ओसंडून वाहतात. आणि इकडे? कोरडे, धारदार कोन, वस्त्रहीन येशू. लोक चिडले, यात नवल नाही. आपल्याकडेही जीर्णोद्धार म्हटला की जुन्यासारखंच हवं, हा आग्रह असतोच की.

आमच्या मते इथं खरी कसोटी वेगळी आहे. परकेपणाने दगडाला काही दिलं का?

व्हेरोनिका बघा. येशूचा चेहरा पुसणारी ही बाई. कापडावर त्याची मुद्रा उमटली, अशी परंपरा. सुबिराक्स यांनी तिला चेहराच दिलेला नाही. कापडावरचा येशूचा चेहरा आत खोल कोरलाय. म्हणजे जिथं चेहरा दिसतो, तिथं प्रत्यक्षात पोकळी आहे. मुरलेल्या भाविकालाही हे सुचलं नसतं, असं आम्ही म्हणणार नाही. पण ज्याला देवाच्या असण्याची खात्री नाही, त्याने ती अनिश्चितता न लपवता कोरली, हे मोठं आहे.

आता दुसरी बाजू. जुदासच्या चुंबनाशेजारी त्यांनी जादूचा चौरस कोरला. कुठूनही बेरीज करा, ३३. परंपरेनुसार येशूचं वय. ती जमावी म्हणून १२ आणि १६ वगळले, १० आणि १४ दोनदा घेतले. इथं मात्र शिल्प कमी पडतं. माणूस आकडे मोजत बसतो आणि शेजारी विश्वासघात चाललाय, तिकडे नजर जात नाही. कोडं सुटलं की संपतं. व्हेरोनिका संपत नाही.

याच वास्तूत जपानी शिल्पकार एत्सुरो सोतोओ १९७८ पासून काम करत आले. त्यांनी पुढे कॅथलिक धर्म स्वीकारला. गाउदी जिकडे बघत होते तिकडे बघायचं, हा त्यांचा मार्ग. यादवी युद्धात मोडलेल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या देवदूतांच्या जागी त्यांनी दगडी देवदूत घडवले. ते पूर्वेच्या बाजूत असे मिसळतात की शिवण दिसत नाही. एकच वास्तू, दोन मुक्काम. एक जण घरचा झाला, दुसरा शेवटपर्यंत पाहुणा राहिला.

आम्हाला दोन्ही हवेत. पण कलावंताला राहायला बोलावणाऱ्या संस्थेने एक ओळखावं: फक्त घरचे होणारेच हवे असतील, तर तिला कारागीर मिळतील, आणि उत्तम मिळतील. पाहुण्याला मोकळीक दिली, तर चौरसासारखी चूकही पदरात घ्यावी लागेल. त्या चुकीच्या किमतीत व्हेरोनिका मिळत असेल, तर सौदा महाग नाही, असं आमचं मत आहे. तुमचं वेगळं असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर मांडा.