शब्दसंपत्ती कुणाची?

'मुलांची शब्दसंपत्ती वाढवा' असा आग्रह शाळा, पालकसभा आणि परीक्षांची मार्गदर्शके धरीत असतात. आग्रह योग्यच आहे. ज्याच्याजवळ शब्द नाहीत त्याच्या वतीने दुसराच बोलतो, हा आपल्या समाजाचा शेकडो वर्षांचा अनुभव आहे. बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिक काढले आणि त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले, ते उगाच नव्हे. परंतु संपत्ती म्हटली की ती कुणाची, ती मोजली कुणी आणि मोजताना कंगाल कुणाला ठरवले, हे प्रश्न विचारावेच लागतात.

शिष्यवृत्ती परीक्षेसाठी विकल्या जाणाऱ्या शब्दसंग्रहाच्या पुस्तिका मी अलीकडे मुद्दाम वाचून काढल्या. त्यांची रचना ठरलेली आहे: समानार्थी, विरुद्धार्थी, समूहदर्शक, म्हणी. सूर्य म्हणजे रवी, भास्कर, दिनकर, सविता. दोरी म्हणजे रज्जू. शाळकरी पोराने हे घोकायचे. 'रज्जू' त्याने कधी पाहिला नाही, आणि पुढेही या यादीबाहेर तो त्याला क्वचितच भेटेल. आता मांगवाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. दाव्याने गुरू बांधायचे, कासऱ्याने बैल हाकायचा, नाडा आणि सोंदूर मोटेला लावायचे. शिवाय चऱ्हाट आहे, शिंके आहे, बैलाच्या तोंडाचे मुसके आहे. प्रत्येकाचे काम वेगळे, म्हणून नाव वेगळे. यादीतल्या एका मृत शब्दासमोर हे सात जिवंत शब्द उभे आहेत. तरीही परीक्षेत गरीब ठरतो तो या म्हाताऱ्याचा नातू.

एवढ्यावर भागत नाही. समूहदर्शक शब्दांत 'उंटांचा तांडा' येतो. तांडा हे बंजारा मुलाचे घर आहे, हे सांगण्याची गरज यादीला वाटत नाही. म्हणींच्या जुन्या संग्रहांत 'गाव तिथे महारवाडा' ही म्हण असते. चांगल्याबरोबर वाईटही असायचेच, असा तिचा अर्थ. ज्या मुलाची वस्ती त्या 'वाईटा'च्या जागी ठेवली आहे, त्याने हा अर्थ पाठ करून एक गुण मिळवायचा! जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाट्या बदलता येतात. भाषेत मुरलेली हेटाळणी मात्र शिक्षकालाच वेचून काढावी लागेल, आणि वेचताना ती हेटाळणी का आहे हे मुलांना सांगावे लागेल.

मी कवठे महांकाळला कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. शाळेत असताना वहीत मी 'कोरड्यास' लिहिले, तेव्हा त्यावर लाल रेघ पडली आणि वर 'आमटी' आली. शुद्धलेखन बिनचूक होते, घर तेवढे चुकीचे ठरले. आज पहिल्या वर्षाला येणारी वस्तीवरची पोरे वर्गात तोंड उघडत नाहीत, तेव्हा मला त्यांच्या वह्यांवरच्या असल्याच रेघा दिसतात. ती मठ्ठ नाहीत. आपला शब्द निघाला की हसे होते, हे ती फार लहानपणी शिकली आहेत.

मग गोडी लागावी कशी? आमचा तालुका दुष्काळी. पाणी पोचले तिथे द्राक्षबागा वाढल्या, आणि आमच्या वस्तीवरच्या बाया विरळणीला, छाटणीला जाऊ लागल्या. त्यांच्या पोरांना घड, मणी, काडी, डोळा, ओलांडा हे शब्द शाळेआधी येतात. तिथूनच सुरुवात करावी. वेलीला डोळा असतो, तसा आणखी कशाला असतो? नारळाला, मोराच्या पिसाला, बटाट्याला. काडी वेलीची, काडी पेटीतली, भांडणात टाकलेली काडी, काडीमोड. ओलांडा आणि उंबरा ओलांडणे यांचे नाते काय? पोरे हसतात, भांडतात, आणखी शब्द घेऊन येतात. घरच्या शब्दाच्या दाव्याला धरून परका शब्द दारात येतो आणि तिथेच रुळतो. 'रज्जू'लाही मग जागा मिळेल, पण आठव्या क्रमांकाची.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. शिंपले, खडे, पाने ही त्यांची साधने होती. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा काढल्या. शाळा मुलाकडे गेली, हे त्या कामाचे मोठेपण. शब्दसंग्रहाची पुस्तिका मात्र अजून मुलाकडे गेलेली नाही.

यावर आपल्यातलेच कार्यकर्ते एक आक्षेप घेतील, आणि तो गंभीर आहे. रापी, आरी, दावे, तराळकी हे शब्द आपल्यावर लादलेल्या कामांचे आहेत. ती कामे आपण लढून सोडली. आता त्यांचे शब्द पोरांच्या तोंडी कशाला? शिवाय गोड बोलून पोरांना बोलीतच अडकवण्याचा हा डाव नाही कशावरून? हे भय खोटे नाही. प्रमाण मराठी आणि इंग्रजी हा आपल्या मुलांचा हक्क आहे, त्यात तसूभरही सवलत नको. परंतु काम सोडणे वेगळे आणि त्या कामाची भाषा लाजेपोटी गाडणे वेगळे. आमच्याच जिल्ह्यातल्या आटपाडीच्या शंकरराव खरातांनी तराळकी मागे टाकली, पण शब्द टाकला नाही. १९८१ साली आत्मकथनाला त्यांनी नाव दिले 'तराळ-अंतराळ'. गावकीच्या ओझ्याखालचा एक शब्द त्यांनी आकाशाला नेऊन भिडवला. याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे जवळपास शाळेविना वाढले आणि १९५९ साली 'फकिरा' देऊन गेले. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तले (१९७२) शब्द सुशिक्षित वाचकांना विचारून घ्यावे लागले. त्या दिवशी कंगाल कोण ठरले?

म्हणून वस्तीवरच्या अभ्यासिका, बालवाड्या चालवणाऱ्यांना माझे सांगणे आहे. छापील यादी उघडण्याआधी पोरांना एक वही द्या. आजीकडून, बागेतून परतलेल्या आईकडून रोज एक शब्द आणायला सांगा. तो कुठून आला, कुणाच्या घामाचा आहे, हे विचारायला शिकवा. त्याच पानावर प्रमाण मराठीतला शब्दही लिहून घ्या. दोन्हींच्या मध्ये लाल रेघ मारू नका.