ओळखीचा अधिकार : ‘अ‍ॅनास्टेशिया’ आणि ताराबाई

राजघराण्यातील हरवलेल्या व्यक्तीचे नाव घेऊन कोणी पुढे आले, म्हणजे ती व्यक्ती खरी की तोतया, हाच प्रश्न मुख्य मानला जातो. अनातोल लिटवाक यांच्या ‘अ‍ॅनास्टेशिया’ (१९५६) या चित्रपटाने तो बाजूस सारून दुसराच प्रश्न पुढे आणला आहे : ओळख पटल्याचे सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि सांगणाऱ्याला त्यातून काय हवे असते? कोल्हापूरच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. या गादीच्या संस्थापिका ताराबाई यांच्या चरित्रात तो अधिक कठोर रूपाने आलेला आहे.

चित्रपटात १९२८ च्या पॅरिसमधील एका निराधार, स्मृती हरपलेल्या स्त्रीला जनरल बूनिन झारकन्येच्या भूमिकेसाठी शिकवून तयार करतो. त्याचा डोळा झारने इंग्लंडमध्ये ठेवलेल्या एक कोटी पौंडांवर असतो. शिकवणीचे प्रसंग चुरचुरीत खरे, पण मार्सेल मोरेत हिच्या मूळ नाटकाची चौकट तेथे सुटलेली नाही. चित्रपट उभा राहतो तो कोपनहेगन येथे, आजी आणि नात समोरासमोर आल्यावर. हेलन हेज हिची वृद्ध राजमाता कोणत्याही पाठ केलेल्या तपशिलाने द्रवत नाही. भ्याल्यावर येणारा खोकला मात्र तिला ओळखीचा वाटतो. नातीला पोटाशी धरल्यावर ती विनविते, की तू ती नसलीस, तर मला कधीही सांगू नकोस. एकाकी वृद्धेची गरज येथे पुराव्याचे काम करते, आणि हेज हिने ते कोठेही भाबडे होऊ दिलेले नाही.

वास्तवात ही भेट झालीच नाही. राजमाता मारिया १९२८ मध्ये निवर्तली. जिच्यावरून ही कथा सुचली, त्या अ‍ॅना अँडरसनचा दावा तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, जनुकीय तपासणीने खोटा ठरविला.

ताराबाईंची कथा याच्या नेमकी उलट आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू छत्रपती निवर्तले, तेव्हा पानगावी वाढलेल्या रामराजाला ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणले. गादीवर बसण्यापूर्वी त्यांनी सैन्यासमक्ष त्याच्याबरोबर भोजन करून त्या अन्नाची शपथ वाहावी, असे ठरल्याचे ग्रँट डफ नमूद करतो. जानेवारी १७५० मध्ये तो छत्रपती झाला. पुढे तो पेशव्यांच्या तंत्राने चालू लागला. तेव्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंचाहत्तर वर्षांच्या या आजीने त्याला सातारच्या किल्ल्यात कैद केले आणि तो आपला नातू नव्हे, गोंधळ्याचा मुलगा आहे, असे जाहीर केले. १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर त्यांनी शपथही तशीच वाहिली. अन्नाची शपथ एक आणि देवाची दुसरी! तरीही कैदेतील रामराजाच्या नावानेच छत्रपतिपद १७७७ पर्यंत चालले. पेशव्यांना छत्रपती हवा होता; तो कोणाचा नातू, याची चिकित्सा त्यांना सोयीची नव्हती. एकदा दिलेली ओळख परत घेणे ताराबाईंच्याही हाती उरले नाही.

लिटवाक यांचा चित्रपट उणा पडतो तो येथे. नायिका अखेरीस बूनिनबरोबर निघून जाते, धन आणि पद मागे राहतात, आणि आजीच्या मान्यतेची राजकीय किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. मराठी परंपरेने ही किंमत ओळखली होती. १७७६ मध्ये भाऊसाहेबांच्या तोतयाने कोकणात उठाव केला, न. चिं. केळकरांनी त्यावरील नाटकाला ‘तोतयाचे बंड’ हेच नाव दिले.

मात्र एका बाबतीत लिटवाक यांचा चित्रपट सरस आहे. इन्ग्रिड बर्गमनची नायिका जगाला फसवीत नाही. आपण कोण, हे तिलाच ठाऊक नसते, आणि शिकविलेले कोणते व आठवलेले कोणते, हे तिला निवडता येत नाही. रामराजाचा विचार या बाजूने फारसा झालेला नाही. ज्या आजीच्या शब्दाने तो राजा झाला, तिच्याच शब्दाने वर्षाच्या आत तो कोणीच उरला नाही. किल्ल्यात बसून त्याने स्वतःला कोण मानले असेल? १९२३ मध्ये बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ ज्या कोल्हापुरात निर्माण झाला, तेथील लेखकाने ही भूमिका हाती घेण्याजोगी आहे.