इलायझाच्या सपाता आणि बाणाचा ‘ण’

पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना मला एकदा वर्गात उतारा वाचायला उभं केलं होतं. मी पारनेर तालुक्यातल्या गावातून आलेली. उताऱ्यात ‘पाणी’ हा शब्द चारदा होता आणि चारही वेळा मी ‘पानी’ वाचलं. सर ओरडले नाहीत. ‘बाणाचा ण, बाई, बाणाचा,’ एवढंच म्हणाले आणि वर्ग हसला. त्या हसण्यात मीही सामील झाले, हे आज मला जास्त टोचतं.

१९३८ सालचा ‘पिग्मॅलिअन’ परवा पुन्हा पाहिला तेव्हा हा प्रसंग आठवला. शॉच्या नाटकावरचा हा इंग्रजी विनोदी चित्रपट अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केला. हॉवर्ड स्वतःच प्रोफेसर हिगिन्स झाला आणि फुलं विकणारी इलायझा झाली वेंडी हिलर. पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं, तेही नोबेल मिळाल्यावर तेरा वर्षांनी. आपल्याकडे ही गोष्ट माहीत असते ती पु. लं.च्या ‘ती फुलराणी’मुळे, नाहीतर ‘माय फेअर लेडी’मुळे. मूळ चित्रपट कुणी फारसा काढून बघत नाही. बघायला हवा, कारण त्यात गाणी नाहीत आणि गाणी नसल्यामुळे शिकण्याचे हाल लपत नाहीत.

नाटकात शॉने इलायझाचं शिकणं जवळजवळ पडद्यामागेच ठेवलंय. चित्रपटाने ते समोर आणलं. ध्वनिमुद्रणाची यंत्रं, तोंडात कोंबलेल्या गोट्या, रात्री-अपरात्री तेच तेच वाक्य. (स्पेनमधल्या पावसाचं ते प्रसिद्ध वाक्य मूळ नाटकात नाही, ते या चित्रपटातून आलं.) संकलन डेव्हिड लीनचं आहे. त्या तुकड्या-तुकड्यांच्या दृश्यांत हिलरचा चेहरा दमत जातो. बोली बदलणं म्हणजे मजुरी आहे, अंगमेहनत आहे, हे मी इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग तो चहापानाचा प्रसंग. हिगिन्सच्या आईकडे इलायझाची पहिली चाचणी आहे. उच्चार काचेसारखे स्वच्छ, पण बोलायचं काय हे तिला कुणी शिकवलेलं नाही. हवामानावर ती वेधशाळेचा अंदाज सांगावा तशी बोलते आणि पुढे त्याच सुरात, मावशी इन्फ्लुएन्झाने मेली असं लोक म्हणतात पण तिला घरच्यांनीच संपवलं असणार, असं सांगून टाकते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोट धरून हसले. या वेळी हसताना अडखळले. तिच्या सांगण्यात खोटं काही नाही. तिच्या वस्तीत माणसं अशीच मरत असणार. दिवाणखान्याला गंमत वाटते ती त्या मरणाला चुकीचा पोशाख घातलाय याची. शॉची सामाजिक टीका मला बापाच्या, म्हणजे डूलिटलच्या, चटकदार भाषणांपेक्षा इथे जास्त बोचते. डूलिटल बोलतो झकास, पण तो शॉचा लाडका आहे आणि ते दिसतं.

पु. लं.नी १९७५ साली हे सगळं मराठीत आणलं. भक्ती बर्वेंची मंजुळा मी फक्त ध्वनिचित्रफितीत पाहिली आहे. सूड उगवण्याची स्वप्नं रंगवणारं तिचं ते स्वगत आजही शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुली म्हणतात. शॉच्या नाटकात असं स्वगत नाही. मराठीत मात्र ते हवंच होतं, असं मला वाटतं. लंडनमध्ये उच्चारावरून वर्ग कळतो. आपल्याकडे वर्ग, गाव आणि जात, तिन्ही एका ‘न’मध्ये कळतात, त्यामुळे राग तिप्पट.

नाटकाच्या नावामागे बालकवींची कविता आहे. हे बालकवी ठोंबरे आमच्या नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले होते. त्याच घरातल्या लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने त्यांना अक्षरओळख करून दिली, पण लिहिलं त्यांनी बोलल्यासारखंच. लक्ष्मीबाईंना कुणी प्रोफेसर जहागीरदार भेटला नाही, हे ‘स्मृतिचित्रे’चं आणि मराठीचंही नशीब.

आता शेवट. त्यावरून शंभर वर्षं भांडण चालू आहे. १९१४च्या लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेल्या बीरबोम ट्रीने पडदा पडता पडता इलायझाकडे फुलं फेकायला सुरुवात केली आणि शॉ भडकला. दोघांचं लग्न होत नाही, ती फ्रेडीशी लग्न करून फुलांचं दुकान काढते, असं त्याने पुढे लांबलचक पुरवणी जोडून सांगितलं. चित्रपटासाठीही त्याने दुकानाचाच शेवट लिहिला होता. पडद्यावर आला तो वेगळा. इलायझा परत येते आणि हिगिन्स पाठमोरा बसून विचारतो, माझ्या सपाता कुठे आहेत?

हा शेवट मला आवडत नाही. गल्ल्यासाठी केलेली तडजोड आहे. शिवाय, बाई आणि फुलवाली यांच्यातला फरक लोक तिला कसं वागवतात यात असतो, हे तिने स्वतः बोलून दाखवल्यावर तिला सपाता आणायला लावणं म्हणजे अख्ख्या चित्रपटावर पाणी फिरवणं आहे.

तरी त्याच्या आधीचं एक मिनिट मी सोडू शकत नाही. हिगिन्स एकटा घरी येतो. यंत्र सुरू होतं आणि त्यातून इलायझाचा पहिल्या दिवशीचा आवाज येतो. तो यंत्र बंद करतो. आणि ते जुनंच वाक्य, येण्याआधी तोंड-हात धुऊन आल्याचं, दारातून पुढे चालू राहतं. ती उभी असते. नाटकात एके ठिकाणी ती म्हणते की परदेशी नेलेल्या मुलासारखी आपण आपली भाषा विसरलो आहोत. इथे कळतं की ती विसरलेली नाही. आणि या वेळी ते वाक्य तिच्याकडून कुणी वदवून घेतलेलं नाही.

दिवाळीला गावी गेले की पहिले दोन दिवस मी ‘पाणी’ म्हणते. आत्या म्हणते, ‘आली पुन्याची बाई.’ तिसऱ्या दिवशी कधीतरी ‘पानी’ येतं, बहुधा हंडा उचलताना.