आदिनाथ जेलर आणि बाकीचे तुरुंग

श्रीपूरहून आटपाडी काही फार लांब नाही. तिथल्या माळावरचं स्वतंत्रपूर आपल्यातल्या अनेकांना नावानं माहीत असेल. औंध संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने ही खुली कैदी वसाहत निघाली. गदिमा याच मुलखातले, माडगूळचे. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला.

सहा खुनी, एक जेलर आणि पडीक रान. आम्हाला यातला बाजाराचा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. कैदी स्वस्तात भाजी विकतात, व्यापाऱ्यांचा धंदा बसतो, आणि मग त्यांना मारहाण होते. हात न उचलण्याची शपथ घेतलेली, म्हणून खुनी माणसं मार खातात. सुधारणेला विरोध गजांच्या आतून नाही, बाहेरून होतो, हे शांतारामांनी अचूक पकडलंय.

पण आमची तक्रार आहे. इथे सगळा भरवसा एका माणसाच्या नजरेवर आहे. आदिनाथ मरतो, तरी त्याचे डोळे कैद्यांना आभाळातून दिसत राहतात. पडद्यावर हे शोभतं. खऱ्या तुरुंगात अधिकाऱ्याची बदली होते, आणि मागे उरतो तो नियम. तो धड नसेल तर डोळे काय करणार?

दुसरं असं, की गोष्ट सुरूच होते शिक्षा झाल्यावर. त्याआधीचं पोलीस ठाणं, रिमांड, तारखा, हे कुठंच नाही. आज देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश माणसं कच्चे कैदी आहेत. खुल्या कारागृहासाठी निवड होते ती शिक्षा झालेल्यांतून. यांचा नंबरच लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर जातमुचलक्यावर सोडा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि दुसरे खटले प्रलंबित नसतील तर. कागदावर ठीक. पण एरवी जामीन मिळाला तरी जामीनदार कोण राहणार? आपल्याकडे येणाऱ्या ऊसतोड टोळीतला माणूस धरला, तर त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोण उभं राहतं, सांगा बरं! त्याचा पत्ताच सहा महिन्यांनी बदलतो.

चित्रपटात आदिनाथ वरिष्ठांकडून प्रयोगाची परवानगी मिळवतो. तो भाग झटकन उरकलाय. आम्हाला तोच लांबलचक पाहायचा होता: कुणी हरकत घेतली, अटी काय घातल्या, आणि सही करताना साहेबाचा हात कुठं अडखळला.