विज्ञान आणि धर्म यांची सीमारेषा : पुण्यातील कुंडली-चाचणीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे आहे आणि त्याच गावातून चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड वाकडकडे निघते. अशा सहअस्तित्वाच्या समर्थनार्थ स्टीफन जे गूल्ड यांचे १९९७ सालचे प्रतिपादन उपयोगी पडते. विज्ञान वस्तुस्थितीचा शोध घेते, धर्म मूल्यांचा. क्षेत्रे भिन्न असल्यामुळे संघर्षाचे कारण उरत नाही, असे ते मानतात. ही मांडणी समंजस आहे. मात्र श्रद्धा वस्तुस्थितीविषयी विधान करू लागली की ती अपुरी ठरते. यात्रा विद्यापीठाकडे मान्यता मागत नाही. फलज्योतिषासाठी मात्र ती मागितली गेली.

चाचणीची रचना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये 'ज्योतिर्विज्ञान' या नावाने अभ्यासक्रमांना मान्यता दिली. त्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळले. मूळ दाव्याची परीक्षा मात्र २००८ मध्ये पुण्यात झाली. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे यांचा तीत सहभाग होता. हुशार व बौद्धिक अक्षमता असलेली प्रत्येकी शंभर मुले निवडून त्यांच्या कुंडल्यांना संकेतांक देण्यात आले. प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस कुंडल्या गेल्या. यशासाठी अठ्ठावीस अचूक उत्तरे ही अट आधीच जाहीर होती. एकावन्न ज्योतिषांपैकी सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. सर्वोच्च गुण चोवीस होते. दोनशे कुंडल्या तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली.

मूल्यमापन

नाणेफेकीनेही चाळीसपैकी सरासरी वीस उत्तरे बरोबर येतात आणि सत्तावीस जणांत एखादा चोवीसपर्यंत पोहोचणे स्वाभाविकच असते. तथापि चाचणीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. निम्म्याच्या जवळपास ज्योतिषांनी उत्तरे दिली नाहीत आणि तपासले गेले ते केवळ बुद्धिमत्तेविषयीचे भाकीत. ईश्वर, उपासना वा नीती यांविषयी ही चाचणी काहीही सांगत नाही. तसा तिचा दावाही नव्हता. तिचे महत्त्व निकालापेक्षा पद्धतीत अधिक आहे. निकष आधी ठरले, नंतर उत्तरे तपासली गेली. 'अनुभव येतो' या युक्तिवादात नेमका हाच क्रम उलटा असतो.

समारोप

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २०२१ मध्ये ज्योतिष विषयात एम.ए. अभ्यासक्रम सुरू केल्याने हा प्रश्न प्राध्यापकवर्गासमोर पुन्हा उभा राहिला आहे. ज्योतिषाचा अभ्यास इतिहास, संस्कृत वाङ्मय वा समाजशास्त्र म्हणून अवश्य व्हावा. परंतु 'विज्ञान' ही उपाधी हवी असेल, तर पराभवाची शक्यता मान्य करूनच ती घ्यावी लागेल. विज्ञान आणि धर्म यांतील सीमारेषा विषयांवरून नव्हे, तर दाव्यांच्या स्वरूपावरून ठरते. वर्गात ही रेषा पुसट झाली, तर हानी श्रद्धेची होत नाही. विद्यार्थ्याच्या विवेकाची होते.