'क्षेत्रफळ' आणि 'चौरस' : दोन संज्ञांची चिकित्सा

शालेय भूमितीत क्षेत्रफळाची 'लांबी गुणिले रुंदी' ही जी व्याख्या मुलांच्या तोंडी बसलेली असते, ती वस्तुतः व्याख्या नव्हे. आयताचे क्षेत्रफळ काढण्याची ती केवळ रीत होय. रीतीला व्याख्येचे आसन मिळाल्याने जो घोटाळा होतो तो जितका गणिताचा तितकाच भाषेचाही आहे. म्हणून भाषाभ्यासकाने त्याची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम संज्ञाच पाहू. 'क्षेत्रफळ' व 'घनफळ' या दोहोंतील 'फळ' म्हणजे हिशेबाअंती हाती येणारे उत्तर. व्यापलेली जागा या शब्दातून सूचित होत नाही. सूचित होतो तो आकडा. 'चौरस' हा शब्द संस्कृत 'चतुरस्र' यापासून आला. त्याचा मूळ अर्थ 'चार कोपऱ्यांचा' एवढाच. हिंदीत संख्येचा 'वर्ग' आणि 'वर्ग मीटर' यांना एकच शब्द पुरतो. मराठीने संख्येस 'वर्ग' आणि मापास 'चौरस' अशी वाटणी केली, ही सोय मोलाची आहे. तथापि मराठीचा 'चौरस' आकृतीचेही काम करतो व एककाचेही. त्यामुळे सारा अर्थ शब्दक्रमावर येऊन ठेपतो. 'पाच मीटर चौरस' जागा म्हणजे 25 चौरस मीटर. 'पाच चौरस मीटर' म्हणजे पाचच.

व्यवहाराने हा भेद नेहमीच सैल सोडला आहे. जुन्या जमीनमोजणीत काठी हे लांबीचेही माप होते आणि एक काठी लांब व एक काठी रुंद एवढ्या जमिनीचेही. अशा 20 काठ्या म्हणजे एक पांड, 20 पांड म्हणजे एक बिघा. सभासदाच्या बखरीत मात्र बिघ्याचे माप 20 काठ्या लांब व तितकाच रुंद असे सांगितले आहे. म्हणजे 'वीस काठ्या' ही बिघ्याची बाजूही असेल, किंवा अवघे एक पांडही असेल, अंतर वीसपटीचे! बांधकामावरील 'ब्रास' तर एक पायरी पुढे जातो. फरशीच्या कामात तो 100 चौरस फूट, रेतीच्या हिशेबात 100 घनफूट.

वसई-विरार परिसरात आज ही संदिग्धता फार महाग पडू शकते. वाडीचा हिशेब अजून गुंठ्यांत होतो (33 फूट लांब व 33 फूट रुंद, म्हणजे 1089 चौरस फूट), सातबारावर तीच जमीन हेक्टर-आरमध्ये लिहिलेली असते, आणि सदनिकेची बोलणी नुसत्या 'फुटां'त चालतात. 40 चौरस मीटरांचे चौरस फूट करावयास सांगितले असता पदवीधरही 3.28 ने गुणून 131 असे उत्तर देतो. खरे उत्तर सुमारे 430 आहे. गुणाकार त्याला येतो. परंतु 'चौरस' हा शब्द त्याने ऐकलेलाच नसतो.

वाडीचे चारही बांध मोजले की क्षेत्रफळ निश्चित झाले, हा समजही त्याच व्याख्येचे अपत्य होय. समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरींचा गुणाकार करण्याची रीत ब्रह्मगुप्तानेही दिली आहे, पण त्याने तिच्या उत्तरास 'स्थूल' म्हटले. 1150 मधील 'लीलावती'त भास्कराचार्य अधिक कठोर आहेत. कर्ण वा लंब न सांगता केवळ चार बाजूंवरून क्षेत्रफळ विचारणारा पिशाच होय, आणि उत्तर देणारा त्याहूनही, असे ते बजावतात. 10 मीटर बाजूंची चौकट तिरपी करीत गेल्यास बाजू तशाच राहून क्षेत्रफळ 100 चौरस मीटरांपासून शून्यापर्यंत उतरते, हे पाहता त्यांचा संताप अनाठायी वाटत नाही.

आश्चर्य असे की, योग्य कल्पना देणारा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर, नगररचनेच्या कागदांत आढळतो : 'चटई क्षेत्र'. इंग्रजी शब्दावरून घडविलेला असला तरी तो अस्सल मराठी घरातला आहे. जमिनीवर चटई अंथरावी तशी जागा झाकावयाची आणि किती लागले ते मोजावयाचे, ही क्षेत्रफळाची मूळ कल्पना त्यात आहे. गुणाकार नंतर येतो, तोही मोजण्याचे श्रम वाचविण्यासाठी. या क्रमाने शिकलेल्या मुलाला गोल विहिरीचे तोंड 'चौरस' मीटरांत कसे मोजतात, असा प्रश्न पडल्यास त्याचे उत्तर देता येते. चटई कापून काठाशी बसविली, तिचे कोपरे नाहीसे झाले, तरी सर्व तुकडे मिळून जागा तेवढीच झाकली जाते.